मोटोजीपी २५ : तीन दिवस, दोन चाकं आणि भरपूर खडी

तिरका डोळा

शुक्रवारी रात्री मोटोजीपी २५ (जागतिक बाइक शर्यतींचा गेम) डाउनलोडला लावून झोपलो. शनिवारी दात घासायच्या आधी शर्यतीला उभा राहिलो आणि पहिल्याच वळणावर सरळ ट्रॅकबाहेरच्या खडीत गेलो. दुसऱ्या खेपेला खडीपर्यंतही पोचलो नाही. ब्रेक दाबला तिथेच आडवा.

आधी माझी पत्रिका सांगतो. मी चारचाकीवाला. गाड्यांच्या शर्यतींचे गेम बरीच वर्षं खेळतोय, हात बऱ्यापैकी बसलेला आहे, त्यामुळे बाइकचा गेम म्हणजे चाकं निम्मी आणि मेहनतही निम्मी असा गोड गैरसमज होता. तो इटलीतल्या मुजेलो ट्रॅकवर उतरला.

मुजेलोची मुख्य सरळ रेघ एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्या शेवटी सान दोनातो नावाचं उजवं वळण. साडेतीनशेच्या वेगातून शंभरच्या आसपास यायचं. गाडीच्या गेममध्ये अशा ठिकाणी मी ब्रेक गच्च दाबतो, गाडी खाली बसते, मग वळवतो. इथे कंट्रोलरचा ब्रेकचा ट्रिगर गच्च दाबला, मागचं चाक हवेत गेलं, आणि त्या अवस्थेत मी स्टिक उजवीकडे ढकलली. पुढचं सांगत नाही.

सुमारे चाळीस वेळा पडल्यावर डोक्यात शिरलेलं असं. आधी ट्रिगर हलका दाबायचा. भार पुढे येतो, पुढचे शॉकअप बसतात, टायर जमिनीवर दाबला जातो. आता जोरात दाबायचा, कारण दबलेल्या टायरलाच जोराचा ब्रेक पेलतो. आणि बाइक कलायला लागली की जेवढी कलेल तेवढा ट्रिगर सोडत जायचा. टायरच्या पकडीचं पगारासारखं आहे, महिन्याची रक्कम एकच. सगळी ब्रेकवर उधळली तर वळायला काय उरणार?

दुसरा धक्का दिशा बदलण्याचा. गाडीत डावीकडून उजवीकडे जायला चाक फिरवलं की झालं. इथे डावीकडे झोपलेली बाइक आधी उभी राहते, मग उजवीकडे झोपते, आणि मगच वळते. वेग जास्त असेल तर जास्तच आळस करते. म्हणजे मला वळण दिसल्यावर नाही, दिसायच्या आधी हलायला हवं. लागोपाठ उलटसुलट वळणं आली की मी अजूनही अर्धा सेकंद उशिरा असतो, आणि तो अर्धा सेकंद शेवटच्या वळणापर्यंत व्याजासकट वाढतो.

या भागात आर्केड (सोपा) आणि प्रो (खऱ्याच्या जवळचा) असे दोन प्रकार दिलेत. आर्केडमध्ये तासभर खेळलो. पडत नव्हतो, पण मजाही येत नव्हती. प्रोला परत गेलो. पडतोय, पण झोपताना डोळ्यांपुढे सान दोनातो येतंय.

रेस ऑफ नावाचा विभाग आहे, त्यात छोट्या मिनीबाइक, मोटार्ड (मातीच्या बाइकला डांबरी टायर) आणि फ्लॅट ट्रॅक (मातीचं गोल रिंगण) आहे. तिकडे फक्त डोकावलोय.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. मुख्य प्रश्न : पुढचा आणि मागचा ब्रेक वेगळे ठेवावेत की एकत्र? आणि रिवाइंड (चुकलं की खेळ मागे नेणं) वापरणं पाप आहे का?

एक खिडकी

आमची बाइक शर्यत रोड रॅश या जुन्या मारामारीच्या गेमवर सुरू झाली आणि तिथेच संपली. शेजारच्याला साखळीने हाणायचं बटण या गेममध्ये आहे का? नसेल तर कशाला घ्यायचा?

कासवगती

वाचतोय. कीबोर्डवर खेळता येतं का? कंट्रोलर नाहीये.

जुना सायलेन्सर

तिरकेराव, चाळीस वेळाच? म्हणजे तुम्ही लवकर शिकलात.

ब्रेक वेगळे ठेवा. एकत्र ठेवले की गेम स्वतः वाटणी करतो आणि तुम्हाला मागच्या ब्रेकचा उपयोग कधीच कळत नाही. मागचा ब्रेक थांबण्यासाठी नाहीच. बाइक वळणात शिरताना जरा बसवायची असते, बाहेर पडताना पुढचं चाक उचलू द्यायचं नसतं, तिथे त्याला हलकं बोट लावायचं.

रिवाइंड पाप आहे. पहिल्या दिवशी बंद करा. शर्यतीत भीती नसेल तर ती शर्यत कसली?

जरा इतिहास, नवीन मंडळींसाठी. हा गेम मिलानच्या माइलस्टोन कंपनीचा. २०१३पासून मोटोजीपीची मालिका त्यांच्याकडे सलग आहे, त्याआधी मोटोजीपी ०८ही त्यांनीच केला होता. २०१८च्या भागात अनरिअल इंजिन ४ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) आलं. २०१९मध्ये कॉम्प्युटरचे रायडर न्यूरल पद्धतीने, म्हणजे सरावातून शिकवलेले आले, त्याआधी ते रुळावरच्या आगगाडीसारखे एकाच रेषेत जायचे. २०२०मध्ये टायर दोन्ही बाजूंनी वेगवेगळा झिजायला लागला. २०२२च्या भागात २००९चा अख्खा हंगाम खेळायला होता. रॉसी, लोरेंझो, स्टोनर, पेद्रोसा, सगळे तेव्हाचे रायडर. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात देखणी कल्पना तीच. आणि आता अनरिअल ५.

मी दरवर्षी घेत नाही, एकाआड एक घेतो. एका वर्षात बाइकच्या रंगापलीकडे फार काही बदललेलं मला जाणवत नाही. दोन वर्षांत जाणवतं.

मागची सीट

रिवाइंड पाप नाही हो. जुने काका नेहमी असेच घाबरवतात.

मी ते खोडरबरासारखं वापरते. एक वळण घेतलं, चुकलं, मागे गेले, ब्रेकची जागा पाच मीटर अलीकडे घेतली, पुन्हा. एका वळणावर असे दहा प्रयत्न केले की ते वळण हातात बसतं. नाहीतर एका चुकीसाठी अख्खी फेरी पुन्हा फिरायची आणि त्या जागी येईपर्यंत मागच्या वेळी काय केलं होतं तेच विसरायचं. शर्यतीत मात्र बंद, तेवढं काकांचं बरोबर.

दुसरं असं की मी खरी बाइक रोज चालवते, आणि मला वाटलं होतं की त्याचा फायदा होईल. शून्य. उलट तोटाच झाला. खऱ्या बाइकवर जरा वेगात असताना उजवीकडे जायचं तर आपण उजवी मूठ किंचित पुढे ढकलतो. विचार करून नाही, अंगच करतं ते. हँडल क्षणभर डावीकडे वळतं, बाइक उजवीकडे कलते आणि वळते. गेममध्ये स्टिक म्हणजे हँडल नाहीच. स्टिक फक्त सांगते ‘इतकी कलव’, बाकी सगळं पडद्यावरचा रायडर बघतो. त्यामुळे हाताची सवय पूर्ण वाया.

एकच सवय कामी आली, नजरेची. बाइक नजरेमागे जाते. खड्डा बघत बसलात तर खड्ड्यातच जाता. पडद्यावरही तसंच आहे. वळणात शिरताना आतल्या कर्बकडे (ट्रॅकच्या रंगीत कडेकडे) बघू नका, बाहेर पडायची जागा शोधा. तिरका डोळा, तुमचं नाव सार्थ करा.

दशमानकर

चांगला धागा. थोडी भर.

खऱ्या मोटोजीपी बाइकचं किमान वजन १५७ किलो, इंजिन १००० सीसी, चार सिलिंडर. एवढ्याशा वजनाला एवढी ताकद, म्हणून पुढचं चाक जमिनीवर राहायला तयार नसतं. २०२५पर्यंतचा सर्वाधिक वेग ताशी ३६६.१ किमी, रायडर ब्रॅड बिंडर, २०२३, ठिकाण तिरकेरावांचं लाडकं मुजेलो.

सान दोनातोच्या आधी रस्त्याला जरासा उंचवटा आहे. ऐन सर्वाधिक वेगात बाइक हलकी होते आणि लगेच ब्रेकची वेळ येते. २०१३ साली मोटोजीपीचा रायडर मार्क मार्केझ सरावात तिथेच तीनशेच्या पुढच्या वेगात पडला होता. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

आणखी एक. या बाइकच्या डिस्क कार्बनच्या असतात. थंड असताना त्या जेमतेम धरतात, तापल्यावर चावतात. पहिल्या फेरीत ब्रेक जरा अलीकडून लावायची सवय करा. टायरही तेव्हा थंडच असतात.

तिरका डोळा

@मागची सीट, ताई, खोडरबर पटलं. सराव करताना चालू, शर्यतीत बंद.

@जुना सायलेन्सर, ब्रेक वेगळे केले. पहिला अर्धा तास मागच्या ब्रेकचं बटण आहे हेच विसरत होतो. आता वळणातून बाहेर पडताना चाक उचललं की बोट आपोआप जातंय. बाइक खरंच शांत होते.

@दशमानकर, मार्केझ आणि मी, एकाच वाक्यात. प्रिंट काढून लावतो.

कासवगती

कीबोर्डचं कोणी सांगेल का?

कानोसा

मी कायम हेडफोन लावून खेळतो, त्यामुळे आवाजावर बोलतो.

या वेळचे आवाज खऱ्या बाइकवरून ध्वनिमुद्रित केलेले आहेत, आणि फरक कळतो. यामाहा घ्या आणि लगेच पाठोपाठ डुकाटी घ्या. २०२५च्या हंगामाला सुरुवात झाली तेव्हा यामाहाचं इंजिन एका ओळीत चार सिलिंडरचं होतं, बाकी चार कंपन्यांची व्ही फोर, म्हणजे चार सिलिंडर व्हीच्या आकारात. यामाहा जरा घोगरी, गुरगुरल्यासारखी. डुकाटी कोरडी, कर्कश, कापड टराटरा फाडावं तशी. डोळे मिटून ओळखता येतात.

याचा उपयोग असा की पडद्यावरचा गिअरचा आकडा आणि आरपीएमची पट्टी मी बंदच करून टाकली. गिअर कानाने टाकतो. नजर खाली जायची ती वाचली. आधी दोन दिवस सगळा गोंधळ होतो, मग परत मागे जावंसं वाटत नाही. गंमत म्हणजे मागून येणारी बाइकही ऐकू येते. आतल्या बाजूला गुरगुर वाढली की समजायचं, कोणीतरी घुसतंय, दार लावा.

जुना सायलेन्सर

कानोसाशी सहमत. फक्त एक, हे हेल्मेटच्या कॅमेऱ्यात करून बघा. मागच्या कॅमेऱ्यातून बाइकचा कल दिसतो हे खरं, पण वेग कळत नाही. हेल्मेटमधून क्षितिजच तिरकं होतं आणि रस्ता कानाजवळून जातो. नवख्याने पहिला आठवडा मागचा कॅमेरा, मग हेल्मेट.

मागची सीट

हेल्मेटच्या कॅमेऱ्याने मला वीस मिनिटांत मळमळतं. तेवढं आधी सांगा ना लोकांना.

दशमानकर

@कासवगती, कीबोर्डने बाइक चालेल, पण तुम्ही चालवणार नाही. की एकतर दाबलेली असते किंवा सुटलेली. वर तिरकेरावांनी जे लिहिलंय, हलका दाबा, मग जोरात, मग हळूहळू सोडा, ते सगळं मधल्या अंतरात आहे, आणि कीला मधलं अंतरच नसतं. थ्रॉटलचंही (अ‍ॅक्सिलरेटरचंही) तेच. बाइक कललेली असताना पूर्ण थ्रॉटल दिला की मागचं चाक सटकतं, मग अचानक पकडतं आणि रायडरला वर भिरकावतं. साधा का होईना, पण दाब ओळखणारे ट्रिगर असलेला कंट्रोलर घ्या. तोवर सगळ्या मदती चालू ठेवून आर्केड खेळा.

एक खिडकी

आणि साखळी?

जुना सायलेन्सर

साखळी मागच्या चाकाला आहे.

तिरका डोळा

पुढचा अहवाल. रविवारचा अख्खा दिवस जर्मनीतल्या जाक्सेनरिंगला घालवला आणि एका वळणाने माझा छळ मांडला आहे.

ट्रॅक छोटा, ३.६७१ किमी. वळणं तेरा, त्यातली दहा डावी. चौथ्यापासून दहाव्यापर्यंत सलग सात डावी. तिथे खरं सांगतो, पहिल्यांदा वाटलं की आपल्याला बाइक येते. डाव्या बाजूला पडून राहायचं, थ्रॉटल जरा कमी, जरा जास्त, एकातून दुसरं वळण उलगडत जातं. आणि मग अकरावं. उजवं, वेगवान, आणि पलीकडे उतार. रस्ता खाली कुठे जातो ते दिसतच नाही.

तिथे सहा वेळा पडलो. सहाही वेळा सारखाच. ब्रेक जेमतेम लावला, बाइक उजवीकडे टाकली आणि पुढचं चाक पायाखालची सतरंजी ओढावी तसं गेलं. वेग कमी करून पाहिला, तरी पडलो. माझं काय चुकतंय?

दशमानकर

तुमचं काहीच चुकत नाही, तुमच्या टायरची उजवी बाजू चुकतेय.

सात डाव्या वळणांत टायरची डावी बाजू तापून निघते आणि उजवी तेवढा वेळ हवा खात थंड होते. अकराव्याला तुम्ही पहिल्यांदा तिच्यावर सगळा भार टाकता. म्हणून खऱ्या शर्यतीतही जाक्सेनरिंगला दोन्ही बाजूंना वेगवेगळं रबर असलेले टायर येतात, उजवी बाजू जास्त मऊ. तरीही माणसं पडतात. मार्केझ त्या ट्रॅकचा राजा. २०१० ते २०२१मध्ये, म्हणजे छोट्या वर्गांपासून, तिथे जेव्हा जेव्हा उतरला तेव्हा जिंकला, सलग अकरा वेळा. आणि तोच २०२३ला त्याच ट्रॅकवर एकाच शर्यतीच्या तीन दिवसांत पाच वेळा पडला आणि मुख्य शर्यतीला उभाच राहिला नाही.

मागची सीट

कारण कळलं, आता उपाय. मी काय करते ते सांगते.

दहावं संपलं की लगेच बाइक उभी करायची, पूर्ण उभी. ब्रेक जो काय लावायचा तो त्या उभ्या क्षणात, आणि कलायच्या आधी ट्रिगर पूर्ण सोडायचा. बाकी सगळीकडे कलताना थोडा ब्रेक धरतो ना, तो इथे धरायचा नाही. थंड टायरला एकाच वेळी दोन कामं सांगायची नाहीत. मग हळू, एका लयीत कलायचं, स्टिक फेकायची नाही. थ्रॉटल अगदी किंचित दिलेला ठेवा, म्हणजे सगळा भार पुढच्या चाकावर राहत नाही.

भीतीने लोक इथे थ्रॉटल पूर्ण सोडतात. सोडला की इंजिन ब्रेक लागतो, भार पुढे, आणि पडतात. तुम्ही वेग कमी करूनही पडलात ते यामुळेच असणार.

कानोसा

ताईंचं वाचून आत्ता करून पाहिलं. मी गेली तीन वर्षं तिथे पहिल्या फेरीला देवाचं नाव घेऊन जात होतो. ‘किंचित थ्रॉटल’ हेच गमक आहे.

जुना सायलेन्सर

तिरकेराव, एक सुचवतो. रेस ऑफमध्ये नुसतं डोकावू नका, फ्लॅट ट्रॅकवर दोन तास घाला. खऱ्या फ्लॅट ट्रॅकच्या बाइकला परंपरेने पुढचा ब्रेकच नसतो. गोल मातीच्या रिंगणात मागचं चाक सरकवत डावीकडे फिरत राहायचं. मोटोजीपीतले कित्येक रायडर सरावाला तेच करतात, रॉसीने तर तावुल्लियाला त्यासाठी स्वतःचा मातीचा ट्रॅकच बांधलाय. तिथे थ्रॉटलने बाइक वळवायला शिकलात की डांबरावर मागचं चाक सटकलं तरी हात घाबरत नाही.

आणि टीसीएस (मागचं चाक सटकू न देणारी मदत) एकदम बंद करू नका. एकेक पायरी कमी करा. मी पहिल्या दिवशी मर्दुमकी दाखवायला शून्यावर नेलं होतं. पहिली फेरी पूर्ण व्हायला पाऊण तास लागला.

दशमानकर

@कानोसा, यामाहाचा तो आवाज जपून ठेवा. त्यांची व्ही फोर बाइक २०२५च्या सप्टेंबरमध्ये मिझानोच्या शर्यतीत उतरली. आणि २०२७पासून तर सगळीच इंजिनं ८५० सीसीची होणार, टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे, आणि बाइक खाली बसवणारी राइड हाइटची उपकरणं बाद. म्हणजे त्या वर्षीचा गेम आल्यावर आपण सगळेच पुन्हा सान दोनातोच्या खडीत.

कासवगती

कंट्रोलर मागवला. तोवर कीबोर्डवर आर्केड. जाक्सेनरिंगचं अकरावं वळण पहिल्याच फटक्यात गेलं, काय एवढं त्यात?

मागची सीट

कंट्रोलर आल्यावर कळवा हं.

तिरका डोळा

काल रात्रीचा अहवाल.

आधी फ्लॅट ट्रॅक दीड तास. काका, तुम्ही म्हणालात ते खरं, सुरुवातीला प्रत्येक वेळी बाइक सटकली की थ्रॉटल सोडत होतो आणि गरकन फिरत होतो. तासाभराने सोडायचं बंद झालं.

मग जाक्सेनरिंग, प्रो, रिवाइंड बंद, दहा फेऱ्यांची शर्यत. पहिल्या फेरीला अकराव्याला पोचलो तेव्हा तळहाताला घाम होता. उभी केली, ब्रेक, सोडला, किंचित थ्रॉटल, कलवली. पुढचं चाक जरासं थरथरलं आणि धरलं. माझ्या पुढचा कॉम्प्युटरचा रायडर त्याच वळणावर पडला! मी एवढ्या जोरात ओरडलो की घरातलं माणूस बघायला आलं.

दहाच्या दहा फेऱ्या पडलो नाही. सगळ्यात शेवटून सुरू करून चौदावा. दोन गुण.

दशमानकर

अभिनंदन. स्प्रिंट (शनिवारची छोटी शर्यत) असती तर शून्य मिळाले असते, तिथे पहिल्या नऊ जणांनाच गुण.

तिरका डोळा

मुख्यच शर्यत होती हो. निदान आज तरी.

उद्या असेनच्या ट्रॅकवर जाणार. शेवटच्या चिकेनचं फार ऐकलंय, उजवं-डावं लगोलग. माझा अर्धा सेकंदाचा उशीर तिथे नक्की नडणार.

जुना सायलेन्सर

नडू द्या. २०१५ला शेवटच्या फेरीत मार्केझ आणि रॉसी त्याच चिकेनमध्ये एकमेकांना घासले. रॉसी थेट खडीत गेला, खडीतूनच बाइक काढली आणि जिंकला.

तिरका डोळा

मग जमेल. खडीचा अनुभव दांडगा आहे.